तालीम

सोमवारी नुसतं दार उघडं ठेवलं गाडीचं.
इंजिन बंद. मागच्या सीटवर त्याचंच मेंढीचं कातडं,
वास तरी ओळखीचा असावा म्हणून.
टिसोन लांबूनच बघत राहिला,
अनोळखी कळपाकडे बघायचा तसा,
आधी वारा कुठून येतोय ते ठरवून.

टिसोन म्हणजे कोलीत.
अकरा वर्षं पठारावर मेंढरं वळवली त्याने.
आता तोंडाभोवती राख जमलीय,
आणि मोटारीत तो कधी बसलेला नाही.
कोमोदोरोपर्यंत पाचशे किलोमीटर, निम्मा रस्ता खडीचा.
बहीण फोनवर म्हणाली, त्याला ठेव की तिथेच कुणाकडे.
मी म्हटलं, ओफेलिया, ऐकू येत नाहीये,
वारा फार आहे.

मंगळवारी चढला. कलेजीच्या तुकड्यासाठी.
बुधवारी दोघं बसलो दारं लावून.
काचेवर धूळ वाजत होती.
मी थर्मासातली कडू येर्बा प्यायले,
त्याने खिडकी चाटली.
कुठेच गेलो नाही.

गुरुवारी इंजिन सुरू केलं. थरथरला.
रेडिओ लावला, त्यावर लोकरीचे भाव सांगत होते,
ते ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला.

शुक्रवार वाया गेला. वाऱ्याने दारच उघडू दिलं नाही.
इरिबार्ने डॉक्टर मात्र येऊन दाखला देऊन गेले:
नर, वय बारा, रंग काळा.
मी म्हटलं, काळा कुठे राहिलाय?
म्हणाले, कागदावर काळाच.

पाण्याचा डबा. दोन जादा टायर.
लाल पट्टा, जो गळ्यात घालताना
मीच दुसरीकडे बघितलं.

शनिवारी फाटकापर्यंत.
एवढ्या वर्षांत चालवायचा आंसेल्मो,
मी उतरायचे, कडी काढायचे,
गाडी गेली की लावायचे, पुन्हा चढायचे.
आज चालवलंही मी, उतरलेही मी.
गाडी पलीकडे नेऊन फाटक लावायला मागे आले,
तर हा मधूनच उडी मारून पुढे,
माझ्या जुन्या जागेवर, तोंड रस्त्याकडे.

कडी हातात. घर दिसत होतं, धुराडं,
वाळत टाकून विसरलेली एक चादर.
पाय निघेना.
इतके दिवस मला वाटत होतं,
तालीम त्याची चाललीय.

तो वळला.
कळपामागे रेंगाळलेल्या मेंढीवर भुंकायचा
तसा भुंकला,
एकदाच.