सोळा गुणांचा प्रश्न

पाचपावलीत आमच्या घरात तेव्हा एकच टेबल होतं,
आणि तेही टेबल नव्हतं,
सुताच्या गठ्ठ्यांवर टाकलेली फळी.
तिच्यावर एम.ए.चा पेपर चौथा:
इंग्रजी कविता, सतराशे पन्नास ते अठराशे.

बाहेर एप्रिल, चव्वेचाळीस अंश,
रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवायचं,
आणि मी पाठ करत होते
ओल्या गवतावरची मेंढरं, पडके मठ,
थडग्यांशेजारी बसून उसासे टाकणारे तरुण कवी,
ज्यांना गारठ्याचंही कौतुक होतं.

मनवटकर सर सांगायचे,
आधीच्या ओळी जोडीजोडीनं चालायच्या, शिस्तीत,
केसांच्या टोपाला पावडर लावून दरबारात निघाल्यासारख्या.
मग कुणीतरी टोप काढला,
डोकं खाजवलं,
आणि कवितेला वारा लागला.
वर्ग हसला. मी वहीत लिहिलं: टोप, वारा.

घरी बाबा खड्ड्यात पाय सोडून मागावर.
खट, धोटा डावीकडे. खट, उजवीकडे.
त्या ठोक्यावर टोपवाल्यांच्या ओळी बरोबर बसायच्या,
हे सरांना सांगायचं राहून गेलं.

कांड्या भरताना मी मोठ्यानं वाचायची,
मग अर्थ सांगायची आमच्या बोलीत.
बाबांची मान हलायची,
पण ती मागामुळंही हलायची.
एकदा थांबले.
"हे सारे गावाचं गाऊन राहिले. मंग गावातले लोकं गेले कुठी?"
गिरणीत, मी म्हटलं. तिकडं तेव्हाच गिरण्या निघाल्या.
"कायच्या?"
सुताच्या.
"आन् कापूस?"
जहाजानं यायचा.
"मंग कवितेत हाये का वं कापूस?"

मी पानं चाळली.
फुलं होती, नावानिशी. चंद्र सतरा वेळा.
गुलामांसाठी रडणारा एक कवी होता,
डोळे पुसलेल्या रुमालाचं सूत कुठलं,
ते त्यानं लिहिलं नव्हतं.
कापूस नव्हता.

फक्त एक तळटीप, पान दोनशे बारावर,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
कुणी एक विणकरीण, नाव दोन प्रकारे लिहिलेलं,
मागाच्या पट्टीवर कागद ठेवून कविता करायची.
दोनशे अकरा प्रतिष्ठितांनी आगाऊ वर्गणी भरली,
पुस्तक निघालं,
प्रस्तावनेत तिच्या नम्रतेची स्तुती.
दुसऱ्या पुस्तकाला सात जण उरले.
संपली तळटीप.

बाबांनी ती तीनदा वाचायला लावली.
तिसऱ्यांदा म्हणाले, पट्टीवर कागद राहात नाही,
हातानं दाबून धरला असंन.

त्याच वर्षांत इथं भोसल्यांचा अंमल.
आमच्यातलं कुणी पागोटं विणत असेल महालासाठी,
विणता विणता काही म्हणतही असेल.
त्याला पान दोनशे बारा नाही.

सराव परीक्षेत प्रश्न आला:
"या काळातील कवितेत निसर्गाकडे परतण्याची ओढ दिसते. चर्चा करा."
दिसते, मी लिहिलं.
कोण कुणाला कुठं ओढत होतं, तेही लिहिलं, दीड पान,
कापसासकट.
सोळापैकी सात.
समासात लाल शाई: विषयांतर.
आणि खाली, बहुधा दुसऱ्या दिवशी, निळ्या पेननं:
हे पुढं लिही.

पुढं लिहिलं नाही. बँकेची परीक्षा होती.

माग विकायला काढला, त्या दिवशी
गिऱ्हाईक दारात उभं, सागवान टिचक्या मारून बघत.
बाबांनी विचारलं, माझ्याकडे न बघता:
"त्या बाईनं शेवटी माग इकला का वं?"

तळटीपेत नव्हतं.
नाही, मी म्हटलं. नाही विकला.

ते "हं" म्हणाले,
आणि गिऱ्हाइकाला म्हणाले,
धोटा देनार नाही.