किरकोळ

पहिल्या दिवशी मुकादम सरांनी काहीच शिकवलं नाही.
व्हेस्पावर मागे बसवून मिरकरवाड्याला नेलं
आणि लिलावाच्या कल्लोळात म्हणाले, "ऐक."
मी वही काढली.
"वही नको. ऐक."
तासभर. साडीच्या काठाला मासळीचं पाणी.
परतताना विचारलं, "सुरमई केवढ्याला गेली?"
ते मी सांगितलं.
"आणि गप्प कोण होतं?"

नेमणूकपत्रात लिहिलं होतं जनसंपर्क.
लांज्याला आई शेजारणींना सांगायची, पेपरात असते.
कारखाना रंगाचा, खाडीच्या वळणावर, निळ्या पत्र्यांचा.
बातमी चारच्या आत लिहायची,
पाकीट कोल्हापूरच्या एस्टीत कंडक्टरच्या हाती द्यायचं.
सर आधी त्याच्या मुलीच्या बारावीचं विचारायचे,
मग पाकीट.
मला ती युक्ती वाटायची.
ती नापास झाली त्या जूनमध्ये
सर पाकीट नसताना स्टँडवर जाऊन बसले,
गाडी हलेपर्यंत.

माझ्या कागदांवर त्यांची लाल शाई.
"खेद व्यक्त करण्यात येत आहे" याच्यापुढे समासात:
कोण करतंय? नाव नाही का त्याला?

किरकोळ हा शब्द मात्र ते नुसता खोडायचे नाहीत,
कागद फाटेपर्यंत गिरवायचे.

कारण सांगितलं निवृत्तीच्या आदल्या संध्याकाळी,
जेटीवर, गवती चहा बशीत ओतत.
एका भाद्रपदात टाकी फुटली होती.
त्यांनी एक ओळ लिहिली: किरकोळ गळती, काळजीचे कारण नाही.
पेपरांनी जशीच्या तशी छापली.
"माझं सगळ्यात यशस्वी काम. साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं.
अजून चालतं."
पलीकडच्या काठावर त्यांची फुफी
गुडघाभर पाण्यात तिसऱ्या वेचायची.
ईदेला तिच्याकडून शीरखुर्मा येत राहिला,
डबा येत राहिला, दुआ येत राहिल्या.
तिसऱ्या पुन्हा कधी आल्या नाहीत.
"आणि कुणी एक शब्द बोललं नाही, बघ."
बशीतला चहा निवून गेला तरी धरून होते.

चार वर्षांनी रात्री पाइप फुटला.
नव्या साहेबांनी फोनवरून मजकूर सांगितला.
तो शब्द तिसराच होता.
मी लिहिलं: किती सांडलं, अजून ठाऊक नाही.
तीन दिवस पाण्यात उतरू नका.
खाली माझं नाव, घरचा नंबर.
आधी खारवीवाड्यात जाऊन वाचून दाखवलं.
पावसकरांची म्हातारी म्हणाली, "कारखान्याची काय गो तू?
मग हुबी ऱ्हा हयच."
उभी राहिले. ऊन चढेपर्यंत.
मग स्टँडवर गेले, चारच्या आत.

त्यानंतर मला गृहपत्रिकेचं काम मिळालं.
वाढदिवस, गुणवंत पाल्य, रांगोळी स्पर्धा.
सर एकदा भेटायला आले,
चष्मा कपाळावर ढकलून अंक नाकाशी धरून वाचला,
निकालापाशी थांबले.
"ही शेवती कोण?"
शेवंती घडशी, सर. कॅन्टीनमधली. दुसरा नंबर.
"मग?"
टिंब राहिलं, सर. किरकोळ

आहे, म्हणणार होते.
त्यांनी अंक मिटला. खिडकीबाहेर बघितलं.

त्याच संध्याकाळी शेवंतीचं घर शोधलं,
सड्यावर, जांभ्याच्या अठ्ठावीस पायऱ्या चढून.
तिने ते पान कापून देव्हाऱ्याशेजारी
भाताची खळ लावून चिकटवलं होतं.
मी चूक सांगितली.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग पदराला हात पुसून माझं पेन मागितलं,
चवड्यांवर उभी राहिली,
आणि स्वतःच्या नावावर
जपून
एक टिंब ठेवलं.

पेन मी परत मागितलं नाही.