चारशे वॅटच्या आत

बाबांचं लायसन्स काढून घेतलं त्या वर्षी
मी त्यांना संगणकावर ट्रकचा खेळ लावून दिला.
तीस वर्षं पीचचे डबे वाहिलेला माणूस,
पेलोतासहून थेट साओ पाउलो,
आता खुर्चीत बसून तोच रस्ता चालवायचा.
एका डोळ्यात काचबिंदू,
हाताशी गरम माटेचा पेला.

पण रस्ता अडखळायचा.
घाटात शिरलं की चित्र थिजे,
पुन्हा हलेपर्यंत ट्रक दरीत.
"क्लच गेलाय, जुसारा," ते म्हणायचे.
क्लच कसला? प्रोसेसर थकला होता,
नऊ वर्षांचा, चार कोअरचा,
आणि ग्राफिक्स कार्ड तर त्याहून म्हातारं.

कारखान्याचा हंगाम संपला, हातात सातशे रेआल.
विकर्टने त्याचा सायबर कॅफे बंद केला होता,
दुकानात नुसती टेबलं आणि
धुळीत माऊसचे चौकोन.
एक मोठं कार्ड दाखवलं त्याने, दोन पंख्यांचं,
कुणाच्या तरी गोठ्यात रात्रंदिवस
आभासी नाणी खणून आलेलं.
स्वस्त होतं. पण त्याला वेगळी वायर लागते,
आणि आमच्या डब्यातला वीजपुरवठा चारशे वॅटचा,
तोही लेबलावर लिहिलंय म्हणून.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
आमचं अंथरूण वॅटमध्ये मोजलेलं.
मी धाकटं घेतलं, एका पंख्याचं,
बोर्ड देईल तेवढ्यावर भागवणारं.

प्रोसेसरची एक पिन वाकलेली.
"पन्नास कमी दे," विकर्ट म्हणाला आणि दिव्याकडे बघत राहिला.
घरी मी पेन्सिलच्या रिकाम्या टोकात ती पिन धरली.
हंगामभर पीचच्या बिया काढणारे हात,
श्वास रोखून, केसाएवढं, आणखी केसाएवढं.

आणि हे मला माहीत नव्हतं:
बोर्डाला नव्याचं नाव आधी शिकवावं लागतं,
जुना अजून जागेवर असतानाच.
जुन्यानेच नव्याची ओळख करून द्यायची
आणि मग उठून जायचं.
चार मिनिटं. तेवढ्यात वीज गेली तर सगळंच गेलं,
आणि बाहेर सरोवरावरून वारा सुटलेला,
पत्रे वाजत होते.
बाबा काही न विचारता
माझ्यासारखेच पट्टीकडे बघत बसले.

मग जुना निघाला. पेस्ट वाळून खडू झालेली.
स्पिरिटने पुसला तेव्हा त्यावरचं नाव दिसलं,
बाबांनी तो शर्टाच्या खिशात टाकला.
नव्यावर वाटाण्याएवढा थेंब,
चार स्क्रू, कोपऱ्याला कोपरा.
पहिल्यांदा स्क्रीन काळीच. दुसऱ्यांदाही.
रॅम काढून पुन्हा बसवली.
तिसऱ्यांदा उजेड.

खेळ लावला.
रस्ता तेलासारखा वाहिला.
काचेवर थेंबन् थेंब वेगळा,
गवताचं पातं वेगळं,
घाटापलीकडे डोंगर, डोंगरामागे आणखी एक.
बाबांनी ट्रक कडेला घेतला.
इंजिन चालूच.
"धुकं कुठे गेलं?"

मला सांगायला वेळ लागला.
जुन्या कार्डाला लांबचं काढता येत नसे,
म्हणून मीच एकदा सेटिंगमध्ये अंतर कमी केलं होतं,
त्यापुढे खेळ नुसता पांढरा रंग फासायचा.
त्या पांढऱ्यात बाबा इतकी वर्षं
दिवे लावून, दुसऱ्या गिअरवर,
वळणावळणाला हॉर्न देत चढत होते.
"तिथे धुकं असायचंच," ते म्हणाले.
"दिर्सेउ पुढे असायचा. त्याचे मागचे लाल दिवे
दिसले की कळायचं, रस्ता आहे."
दिर्सेउबद्दल त्यांनी पुढे काही सांगितलं नाही.

रात्री ते झोपल्यावर मी सेटिंग उघडलं.
दृश्याचं अंतर: सर्वांत कमी.
डोंगर गेले. गवत राहिलं, थेंब राहिले,
अडखळणं तेवढं नाही.

आता ते रोज संध्याकाळी घाट चढतात.
सातशे रेआलचं काम निम्मं रिकामं बसलेलं असतं,
कार्डाचा पंखा बहुतेक वेळा
फिरतसुद्धा नाही.