तीन किलो आठशे

डिचोलीच्या भंगारवाल्याने तो काट्यावर टाकला
पितळी नळ आणि पंख्याच्या पात्यांसोबत.
तीन किलो आठशे.
“लोखंडाचा भाव लावतो,” म्हणाला,
“वरची बटणं प्लास्टिकची, ती फुकट.”

मी काटे दुरुस्त करतो. ट्रकचे करायचो,
खाणी चालू होत्या तोवर. आता काजूवाल्यांचे.
वजनदार वस्तू दिसली की राहवत नाही.

पत्र्याची पाठ, पत्र्याचं पोट,
बनवणाऱ्याला वाटलं असावं
कधीतरी यावर माणूस उभा राहील.
चार स्क्रू सुटले. पाचवा सुटेना.
त्याच्यावर रात्रभर माडाचा विनागर;
सकाळी घरभर सोरपोतेलचा वास
आणि वार सोमवार.

आत माती.
धूळ नव्हे, लाल माती,
भुकटी झालेला डोंगर
प्रत्येक स्प्रिंगच्या पायाशी चिमूटभर.
ब्रशने झाडून वर्तमानपत्रावर घेतली
आणि सवयीने तोलली: अकरा ग्रॅम.
कुठल्याच बार्जमध्ये न चढलेला माल.
पुडी बांधली. का, ते विचारू नका.

दोन पत्र्यांमधला फोम काकवी होऊन बसलेला.
चमच्याने खरवडला, रॉकेलने पुसला.
नवा आणला म्हापशाहून, शाळेच्या वस्तूंच्या दुकानातून,
मुलं ज्याची फुलं कापतात तो. हिरवाच उरला होता.
चपला शिवणाऱ्या भिकाजीचा पंच मागून घेतला,
त्र्याऐंशी भोकं पाडली, दोन चुकली,
पुन्हा पहिल्यापासून.

कळा भिजवल्या कवळी धुण्याच्या गोळ्यांत.
केमिस्टने विचारलं, “वडिलांसाठी?”
म्हटलं, “त्र्याऐंशी दात आहेत, सगळे शाबूत.”

धुतल्यावर एकेक उजेडात धरली.
वाटलं होतं शून्य झिजलेलं असेल,
टनांमागे टन, शून्यांमागे शून्यं.
शून्य कोरं करकरीत.
गुळगुळीत झाली होती, वाळवंटीतल्या गोट्यासारखी,
डाव्या बाणाची कळ,
लिहिलेलं मागे मागे खात जाणारी.

आणि पाठीवर, गंजाच्या कडेला,
नखांच्या रंगाने दोन अक्षरं: शे. सा.

शेवंती सालेलकर. वजन विभाग, एकोणीस वर्षं.
मयेला राहतात, तळ्याच्या अलीकडे.
टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर नेला,
लॅपटॉप, आणि जुनं नवं जोडणारी वायर.
त्यांनी नारळ खवलेले हात पदराला पुसले.
“हो जितो आसा?”

मग अडकित्त्याचा आवाज.
कुणीतरी घाईने पोतंभर सुपारी कातरावी तसा.
ट्रकचा नंबर. वेळ. भरलेला. रिकामा. निव्वळ.
ट्रकचा नंबर. वेळ. भरलेला.
नजर खिडकीबाहेर, कुळागरात,
बोटं त्यांची त्यांची.
तीस ओळी.
मी वजाबाक्या तपासल्या, जन्माची खोड.
सगळ्या बरोबर. एक अक्षर चुकलं नव्हतं,
एकदाही मागे गेल्या नव्हत्या.

विचारलं, “ही एकच कळ एवढी कशी झिजली?”

पंखा फिरत राहिला.
“बोटां चुकतालीं रे,” त्या म्हणाल्या.
करंगळी तिथेच टेकलेली होती,
दाबत नव्हती, उचलतही नव्हती.

चहा आला. बशीत ओतून प्यायलो.
निघताना त्यांनी तो दोन हातांनी उचलून पाहिला,
बाळंतिणीचं मूल उचलावं तसा, मान सांभाळून.
“केदो भरलो?”
“तीन किलो आठशे.”
माझा हात खिशावर गेला, पुडीवर.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
“भरलेला,” त्यांनी विचारलं, “की रिकामा?”