टिचकी

लिस्बनला समितीपुढे मला पाच मिनिटं दिली होती.
प्रश्न छापील होता :
सामान्य गुंतवणूकदाराला
गुंतागुंतीच्या फंडांपासून दूर ठेवावं काय?
मी नाव सांगितलं, तेल्मु. हुद्दा सांगितला, माजी.
मग बराच वेळ पाणीच पीत राहिलो.

मला खरं तर दिओलिंदाबद्दल बोलायचं होतं.
सेतूबालच्या सार्डिनच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं.
पट्ट्यावरून डबे सरकायचे,
ही बोटाच्या पेराने टिचकी मारायची.
खणखणीत वाजला तर पुढे,
बद्द बोलला तर बाजूला.
चूक? एकदाच, म्हणाली,
थोरल्याच्या वेळी दिवस भरत आले होते तेव्हा.

नवरा गेल्यावर ती बँकेत आली
अडतीस हजार युरो घेऊन.
मी तिला फंड दाखवला :
फंडाच्या पोटात फंड, त्याच्या पोटात कर्जं,
कर्जं कुठल्याशा परमुलखातल्या इमारतींवरची,
आणि वर एक पैज,
की व्याजदर अमुक रेषेखाली उतरणार नाही.
"आत काय आहे?" तिने विचारलं.
मी म्हणालो, "वर्षाला सहा टक्के."

एका मंगळवारी फंड गोठला.
गोठला हा आमचा शब्द.
तिच्या भाषेत, मासळी सडली
आणि शीतगृहाची किल्ली कुणाकडेच नाही.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, रेषा आखू.
पाच लाख ज्याच्या गाठीशी तो जाणता,
बाकीच्यांना दार बंद. त्यांच्याच भल्यासाठी.
मला आमचे दंतवैद्य केरुबीं आठवले,
पाच लाखांच्या कितीतरी वर.
त्याच फंडावर त्यांनी सही केली
आणि एकच शंका विचारली :
हे पेन मी ठेवून घेऊ का?

तेवढ्यात मागच्या बाकावरून
दिओलिंदा उठली, परवानगी न घेता.
"मला अडाणी ठरवायला इतकी माणसं कोट घालून जमली?
आमच्याकडे तपासनीस यायचा,
ढिगातला कुठलाही डबा उचलायचा,
आणि मॅनेजरने तो तिथेच, उभ्याउभ्या खायचा.
काट्यासकट.
दार कसलं बंद करता? आधी विकणाऱ्याला खायला लावा."
मग माझ्याकडे वळून,
"याने किती घेतला होता, विचारा."

नव्हता घेतला.
तेवढे पैसे नव्हते, हे खरं.
असते तरी घेतला नसता,
हेही.

तिचा मुलगा फाउश्तु बाहेर सिगारेट ओढत होता.
म्हणाला, आई काहीही म्हणो,
दार तेव्हा बंद असतं
तर आज तिचं छप्पर गळलं नसतं.
मी मान हलवली. त्याआधी तिच्या म्हणण्यालाही हलवली होती.
माझी मान अशीच आहे,
बँकेत ती फार उपयोगी पडली.

समितीला मी लेखी उत्तर पाठवतो म्हणालो.
अजून पाठवलेलं नाही.
लिहायला बसलो की तो दिवस आडवा येतो :
त्र्याण्णव पानांची फाइल तिने दोन्ही हातांत तोलली,
टेबलावर ठेवली, टिचकी मारली,
कान खाली नेला.

"बद्द बोलतंय," ती म्हणाली.

"कागद आहे हो," मी हसलो,
"कागद असाच बोलतो,"
आणि पेनचं टोपण काढून दिलं.