बारीक दुमड

जॉर्जेटला धाक दाखवून चालत नाही.
कात्री लावली की वळवळतं,
मासोळीसारखं मांडीवरून घसरतं
आणि काठाचे धागे
दात काढून हसायला लागतात.

महमुदा खाला म्हणते,
कपडे के साथ जबरदस्ती नक्को.
बोट जिभेला लावायचं, एवढंच.
अंगठा आणि तर्जनीत काठाची एक वळी,
ज्वारीच्या दाण्याहून बारीक.
मग सुई. अकरा नंबर.
वरच्या कापडाचा धागा उचलायचा
एकच.
दोन उचलले तर सुलट्या बाजूला पुरळ उठतं.

सेलूत कापसाच्या दिवसांत
जिनिंगची लव उडत येते थेट गल्लीत,
काळ्या कापडावर बसते.
शिवता शिवता फुंकायचं,
फुंकता फुंकता टाका चुकतो.
पहिल्या हिवाळ्यात
तिच्या दुकानाच्या पायरीवर बसून
मी चौदा ओढण्या उसवल्या.
शिवल्या किती, विचारू नका.

आमच्या घरी दुमड चार बोटं असायची.
आई फ्रॉक शिवायची
तोच मुळी पुढच्या तीन वर्षांचा.
घेर खाली जड,
चालताना पोटऱ्यांवर आपटायचा.
दर जूनला एक घडी उसवायची
आणि फ्रॉकखालून पट्टा निघायचा:
वरचा निळा उन्हानं विटलेला,
त्याखालचा जरा कमी,
सगळ्यात खाली एकदम कोरा,
दुकानात ताग्यावर होता तसा.
शाळेत मुली पट्टे मोजायच्या.
बोटानं, पाठीमागून,
मी फळा पुसायला उठले की.

म्हणून मला वाटायचं
बारीक दुमड म्हणजे श्रीमंती.
ज्यांना पुन्हा उसवायचंच नसतं त्यांची.
एकदा खालाला म्हणाले तसं.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला,
माझ्याकडं बघत राहिली.
कफन को तो दुमडीच नै रहती बेटा,
म्हणाली,
आणि समोरच्या पोराला
दोन कट चहा सांगितला.

परवा प्रयागबाई आली, लेकीला घेऊन.
अकरावीचा युनिफॉर्म, राखाडी कमीज.
बारीकच घाल, म्हणाली,
कशाला कापड वाया घालायलीस?
थांबली की आता ही वाढायची.

प्रणिता भिंतीला टेकून उभी होती,
मशीनच्या चाकाकडं बघत.
मी टेप लावली,
खांद्यापासून गुडघ्याखाली.
तेवढ्यात तिनं टाचा उचलल्या.
किंचित.
चपलेत कळणारही नाही एवढ्या.
प्रयागबाई मोबाईलवर
परभणीच्या गाडीची वेळ बघत होती.
मी टेपकडं बघितलं,
पोरीकडं बघितलं नाही.
वहीत लिहिलं, एकोणचाळीस.
मग पुढं, आणि पाव.

रात्री लाईट गेली.
बॅटरीच्या उजेडात पिको होत नाही, हातानंच घातली.
वळी, टाका, वळी, टाका,
राखाडी कापडाला राखाडी दोरा,
माझं मलाच दिसेना कुठवर आले.
कापून उरलेली पट्टी
चार बोटं रुंद होती.
एरवी चिंधीच्या पोत्यात जाते.
घडी करून कमीजच्या खिशात घातली.

सकाळी खालानं काठ चाचपला.
मोतीबिंदूपासून ती नखानं बघते.
नख कुठं अडलं नाही.
मग वितेनं लांबी मोजली,
एकदा,
परत एकदा.

थोडी लंबी हुई ना?

हो, म्हणाले.

तिनं कमीज झटकली,
लव फुंकून टाकली,
खुंटीला अडकवली.

रहने दे.