सदतीस अंश

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
यंत्रातला एक दिवा पिवळा झाला.
सत्तेचाळीस बाटल्या गप्प होत्या,
अठ्ठेचाळिसावीनं तोंड उघडलं.

ग्रिम्सबीच्या इस्पितळाचं तळघर.
वर गोदीवरून वारा येतो, मासळीचा.
खाली अगरचा वास, उकडलेल्या हाडांसारखा,
आणि मी, आणि रेडिएटरची खुडखुड.

चिठ्ठीवर नाव: ब्लँचर्ड, डोरीन. वय एकसष्ट.
कारणाच्या रकान्यात घाईत खरडलेलं:
अंगठा. हॅडॉक साफ करताना काटा. ताप. बरळते आहे.
माणसाची गोष्ट माझ्यापर्यंत एवढीच पोचते,
तीही डॉक्टरी अक्षरात.

काचेवर थेंब. काच ज्योतीवरून तीनदा.
जांभळा रंग, आयोडीन, मग धुणं.
इथेच नवखे चुकतात,
एक क्षण जास्त धुतलं
की खरं बोलणारा रंगही निघून जातो.
शेवटी गुलाबी. भिंगाखाली तेलाचा टिपूस.

आणि त्या होत्या.
जांभळ्या मण्यांच्या माळा,
कुठे चार मणी, कुठे अकरा,
कुणी ओवलेल्या नाहीत, कुणाच्या गळ्यासाठी नाहीत.
सुंदर, असं मी मनात म्हणालो.
हे मी कुणाला सांगत नाही.

फोन शिनेडनं उचलला.
साखळीतले जंतू आहेत, म्हटलं, डॉक्टरांना उठव.
ते इथेच आहेत, ती म्हणाली.
अकरा वाजता आम्ही लालीच्या कडेनं
पेनानं रेघ मारली होती.
रेघ मनगटावरच आहे.
लाली कोपर ओलांडून गेली.

त्यांचं काही वैर नसतं.
मी हे वीस वर्षं बघतो आहे.
त्यांना ऊब हवी असते, सदतीस अंश,
आणि खायला काहीतरी.
अर्ध्या तासात एकाचे दोन,
आणि दोघांपैकी कुणालाच डोरीन माहीत नसते.

सकाळी आठला घरी आलो.
बॉयलरच्या कपाटात, टॉवेलांच्या घडीत
रात्री लावलेलं विरजण.
या गावात ओट्यावर दही लागत नाही,
जानेवारीत तर दुधालाच हुडहुडी भरते.

नवा होतो तेव्हा एकदा
या दह्याचा ठिपका डबीतून लॅबमध्ये नेला होता,
रंगवून भिंगाखाली धरला होता.
माळा. जांभळ्या. हुबेहूब.
भाऊबंदच म्हणायचे, आडनाव एक,
एक दुधाला लागतो, एक रक्ताला.
डॉक्टर बामिडेले हसत म्हणाले, आता खाशील?
खाल्लं. साखर घालून.

आज चमचा दह्यात उभा राहिला
आणि मी तसाच उभा, कोट न काढता.

तीन आठवड्यांनी तेच नाव पुन्हा आलं.
या वेळी रक्त नाही, कापसाचा बोळा, जखमेचा.
कारण: अंगठा काढल्यानंतर, तपासणीसाठी.
म्हणजे आहे.
म्हणजे कुणीतरी तिच्यासाठी बटणं लावत असेल,
किंवा ती स्वतःच लावत असेल, शिव्या देत.

बशीवर रेघा ओढल्या, सदतीस अंशात ठेवली.
एक दिवस. दुसरा दिवस.
घोड्याच्या रक्ताची लाल बशी
नुसती लाल राहिली.

अहवालात मी लिहिलं: वाढ नाही.
घरी हाच शब्द बायकोला म्हणतो, वाढ,
आणि ती म्हणते, हात धुतलेस?
तिला उत्तर माहीत असतं.
तरी विचारते.

शनिवारी मासळीच्या दुकानात गेलो.
काउंटरमागच्या बाईनं बर्फातून हॅडॉक उचलला,
पाठीचा काटा एका ओढीत काढला.
कागदात गुंडाळेपर्यंत
मी तिची बोटं मोजली.
दहा.
दुसरीच कुणीतरी.
सुट्टे पैसे घेतले आणि
हातमोजे घालत जा, एवढं म्हणायचं राहूनच गेलं.